चौकातली मोकळी जागा

रांगोळीची सुरुवात रांगोळीने होत नाही, ती सारवण्याने होते. शहरातल्या बिऱ्हाडाला अंगण उरलेले नसले, तरी उंबऱ्याबाहेरची हातभर जागा पुसून, तीवर गेरूचा हात फिरवूनच घरातली लेक किंवा सून ठिपके मांडायला बसते. हा गेरूचा हात आपण तयारीच्या खात्यात टाकतो. कौतुक होते ते ठिपक्यांचे, रेषांचे आणि रंगांचे. चित्राविषयी बोलतानाही आपली हीच सवय असते. काय काढले आहे, हे आपण विचारतो. काय काढायचे सोडले आहे, हे सहसा विचारीत नाही. हा दुसरा प्रश्न विचारल्यावाचून जिचे मर्म हाती लागत नाही, अशी एक कला आपल्या शेजारीच, पालघर जिल्ह्यात नांदते आहे. ती म्हणजे वारल्यांची चित्रकला.

मुंबईहून गुजरातकडे निघालेल्या गाडीला पालघर, बोईसर, डहाणू ही स्टेशने ओळीने लागतात. बोईसरच्या अंगाला तारापूरची कारखान्यांची वसाहत आहे, आणि त्यापलीकडे समुद्राकाठी १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीजकेंद्र. रुळांच्या दुसऱ्या बाजूला, डोंगरांकडे, वारल्यांचे पाडे पसरलेले आहेत. तिथल्या जुन्या धर्तीच्या घराची भिंत म्हणजे कूड: कारवीच्या काड्या उभ्या करून त्यावर शेणामातीचा लिंपा. घरात लग्न निघाले की ही भिंत नव्याने सारवायची, गेरूने तांबूस करायची आणि मग सवाशिणींनी तीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहायचा. रंग एकच, पांढरा. हत्यार एकच, टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. चौकटीभोवती नक्षीचे पट्टे आणि आत पालघट ही सृजनाची देवी. जवळच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या हा देव. चौकावाचून लग्न लागत नाही. लग्न लावणारीही स्त्रीच असते, तिला धवलेरी म्हणतात.

आता या चित्रातून काय वगळले आहे, ते पाहू. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक टेकलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे एक भरीव ठिपका. चेहऱ्याला डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. वस्तूंना सावली नाही. आभाळ कुठे संपले आणि जमीन कुठे सुरू झाली, हे सांगणारी क्षितिजाची रेघ नाही. पुष्कळ शिकलेल्या माणसांनी याला बाळबोध म्हटले आणि ते पुढे चालू लागले. त्यांनी तारपा नाचाचे चित्र क्षणभर अधिक पाहायला हवे होते. मध्ये तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती वेटोळे घेत गेलेली नाचणाऱ्यांची माळ. या आकृतींना चेहरे असते, तर आपली नजर प्रत्येकापाशी थांबली असती. चेहरे नाहीत म्हणून ती एकावरून दुसऱ्यावर घसरत जाते आणि बघताबघता आपणच त्या वेटोळ्यात ओढले जातो. कमरेशी ते दोन त्रिकोण एका बिंदूत मिळतात. शरीर तिथे जवळजवळ नाहीसेच होते, आणि नेमकी तिथूनच त्याला लवण्याची, वळण्याची मोकळीक मिळते. नाचाचा ताल आहे तो दोन आकृतींमधल्या तांबूस फटीत. पांढऱ्या रेषेइतकेच काम ही फट करते.

यावर एक रोखठोक आक्षेप घेता येईल. गरिबाच्या घरी दुसरा रंग कुठून यायचा? भिंत मोकळी राहिली ती नाइलाजाने, तिला कलेचा विचार म्हणून मिरवू नये. आक्षेपात तथ्य आहे. पण नाइलाज कोणत्या कलेला नसतो? लेण्यांत कोरणाऱ्याला कातळाचा नाइलाज होता, अभंग रचणाऱ्याला अक्षरांचा. नाइलाजातून जेव्हा नियम तयार होतो आणि त्या नियमातून आनंद, तेव्हा त्याला कलाच म्हणावे लागते. शिवाय ज्या घरात भात हेच धन, तिथे तांदूळ दळून भिंतीला लावणे ही काटकसर नव्हे. आणि हे पीठ काही काळाने झडून जाणार, पुढल्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाणार, हे काढणारीला ठाऊक असते. पुसले जाणार हे जाणूनही हात राखून न काढणे, हा मला या परंपरेचा सगळ्यात मोठा धडा वाटतो.

मात्र भिंतीवरच्या या रिकामेपणात एक आश्वासन होते. तिथे कोण येणार, हे ठरलेले होते. देवीच्या पाहुणचारासाठीच ती जागा सारवलेली होती. खरी कसोटी लागली ती चित्र भिंतीवरून कागदावर उतरले तेव्हा. बिहारमध्ये मिथिलेच्या स्त्रियांना कागद पुरवून आलेले मराठी चित्रकार भास्कर कुलकर्णी हे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचले. तिथे त्यांना डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली, तेव्हा हा मुलगा बोलायचा थांबला आणि धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. चौक लिहिणे हे बायकांचे काम. या पुरुषाने ते हाती घेतले, आणि तेही लग्न नसताना, विधी नसताना, रोज.

या गोष्टीतले धाडस आपल्या चटकन ध्यानात येत नाही. कागदही रिकामा आणि भिंतही रिकामी. पण कागदाच्या रिकामेपणात कोणतीही देवी वाट पाहत नव्हती. काय काढायचे, हे परंपरेने सांगितलेले नव्हते. मशे त्या अज्ञातात शिरले आणि त्यांनी मासेमारीचे जाळे काढले. बारीक रेघांचे ते जाळे जवळजवळ सगळे चित्र व्यापून टाकते. रिकाम्या जागेचे एवढे गोडवे गाणाऱ्याने या भरगच्च चित्राचे काय करायचे? उत्तर चित्रातच आहे. जाळे म्हणजे तरी काय? दोऱ्याने एकत्र बांधून ठेवलेली भोकेच. मासा धरतो तो दोरा, पण पाणी जाऊ देते ती मोकळी जागा. ती नसेल तर जाळे ओढताच येणार नाही. भिंत सारवणाऱ्या स्त्रियांचा वारसा मशे यांनी असा कागदावर आणला. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले.

याच काळात मराठी मुलखात जन्मलेला आणखी एक चित्रकार रिकामेपणाच्या वाटेने चालला होता. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे दिल्लीत एकांतात राहिले. झेन विचाराची त्यांना ओढ होती. रंगाचे थर चढवीत आणि खरवडीत ते एकेक चित्र सावकाश पुरे करीत. मरणानंतर तेरा वर्षांनी, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. गायतोंडे शून्यापाशी पोहोचले ते आकृती एकेक करून सोडीत. मशे यांना ते शून्य पायाखालच्या सारवणातच मिळाले होते. एक एकटा गेला, दुसऱ्यामागे गाणाऱ्या बायकांची रांग होती. पण उरलेली जागा भरून काढण्याची घाई दोघांनीही केली नाही.

आज ही घाई आपण करतो आहोत, ग्राहक म्हणून. वारली चित्र आता पेल्यावर आहे, साडीवर आहे, उशीच्या अभ्र्यावर आहे. त्यातून चित्रकाराच्या घरी चार पैसे जातात, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मागणी येते ती ठरलेल्या चित्रांची: तारपा, झाड, लग्नाची वरात; आणि कोपरा मोकळा दिसला की त्यात आणखी एक मोर. ज्याला काय काढायचे ते आधीच सांगितले आहे, त्याच्यापुढचा कागद कोरा असला तरी रिकामा नसतो. बोईसरच्या कारखान्यात पाळी करून घरी येणारा, रात्री दिव्याखाली काडी हातात घेणारा तरुण वारली चित्रकार आज काय पाहतो आहे? आगगाडी, मालमोटारी, भोंगे, पाड्याजवळून जाणारी बुलेट ट्रेनची आखणी. त्याच्या आजीच्या चौकात यांतले काहीच नव्हते. हे कसे काढायचे, ते त्याला कुणी शिकवलेले नाही. पुढचे मोठे वारली चित्र त्या न शिकवलेल्या जागेतूनच येण्याची शक्यता आहे. त्याच्याकडून चित्र घ्यायचे झाले, तर काय काढायचे ते सांगू नये. पैसे द्यावेत आणि वाट पाहावी.