'निवडलेले' वर्तुळ : वॉशबर्न यांच्या परिभाषेतील एक कृदंत

हिमप्रदेशातील जमिनीवर दगडमातीची जी वर्तुळे, बहुकोन व पट्टे आढळतात, त्यांना ए. एल. वॉशबर्न यांनी १९५६ साली दिलेली नावे अद्याप रूढ आहेत. उत्पत्तीविषयी डझनाहून अधिक उपपत्ती त्यांच्यापुढे होत्या आणि एकीनेही सर्व आकृत्यांचा उलगडा होत नव्हता. म्हणून नामकरण कारणावरून न करता रूपावरून करावयाचे, असे त्यांनी ठरविले : वर्तुळ, जाळे, बहुकोन, पायरी, पट्टा; आणि प्रत्येकाचे दोन भेद, 'निवडलेले' व 'न निवडलेले'.

ही सावधगिरी रास्तच होती. उन्हाळ्यात मराठवाड्यातील काळी जमीन भेगाळते तेव्हाही बहुकोनच पडतात, आणि तेथे गोठण्याचा काहीएक संबंध नसतो.

आक्षेप आहे तो 'निवडलेले' या विशेषणावर. 'वर्तुळ' हे नाम केवळ आकार सांगते. 'निवडलेले' हे कर्मणि कृदंत होय. तांदूळ निवडलेले आहेत असे म्हणताच कोणी तरी बसून खडे वेगळे काढले, ही घटना गृहीत धरली जाते. वॉशबर्न यांच्या व्याख्येला मात्र बारीक मातीभोवती दगडांचा काठ दिसला की पुरे. नामातून वगळलेले कारण असे प्रत्ययातून परत आले आहे. 'न निवडलेले' याची अवस्था तर अधिक चमत्कारिक : काठावर झुडपे असलेले वर्तुळ त्यात येते, पण शब्द सांगतो ते न घडलेले तेवढेच.

२००३ साली केसलर व वर्नर यांनी गणिती प्रतिमानाने दाखविले की खरोखरच निवड होते. गोठताना बारीक माती पाणी ओढून घेते, तिच्यात बर्फाचे थर वाढतात व ती फुगते. दगडांच्या राशीत तसे होत नाही. त्यामुळे हळूहळू माती मातीकडे व दगड दगडांकडे सरकतात. दगडांचे प्रमाण, उतार इत्यादी बदलले की त्याच क्रियेतून वर्तुळाचा बहुकोन वा पट्टा होतो. कृदंत खरे ठरले, हा योगायोग. उलट ज्या रूपभेदांवर वर्गीकरण उभारले, ते एकाच क्रियेचे पर्याय निघाले. स्वतः वॉशबर्न १९७० मध्ये उत्पत्तिमूलक वर्गीकरणाकडे वळले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मराठीत 'वर्गित वर्तुळ' असा संस्कृत प्रतिशब्द योजल्यास तोच दोष गंभीर वेषात येईल. 'दगडी काठाचे वर्तुळ' हा शब्दप्रयोग लांब खरा. पण निरीक्षकाने जेवढे पाहिले तेवढेच तो सांगतो.