राजवाडे यांची ज्ञानेश्वरी-प्रत आणि हस्ताक्षराची साक्ष

आमच्या नायगावच्या बाजूस एखाद्या वाड्यांतून पोथी बाहेर आली कीं ती किती जुनी, हें आधीं विचारतात; कोणाच्या हातची व कोठची, हें मागून, किंवा मुळींच नाहीं. या उलट्या क्रमाचें ठळक उदाहरण मराठवाड्यांतलेंच असून तें एका थोर संशोधकाचें आहे.

बीडच्या पाटांगण येथें मिळालेली ज्ञानेश्वरीची प्रत वि. का. राजवाडे यांनीं शके 1831 (इ. स. 1909) मध्यें छापली. एकनाथांनीं शके 1506 मध्यें शोधिलेल्या पाठाहून ती प्राचीन, असा त्यांचा दावा. दाव्याचा मुख्य भार भाषेच्या रूपांवर आहे. पण रूपें जुनीं ठरलीं तर मूळ आदर्श जुना ठरतो, नक्कल नव्हे. प्रामाणिक लेखक जुनें रूप, पृष्ठमात्रासुद्धां, जसेंच्या तसें उतरवितो. ग्रंथरचनेचा शके 1212 तर नकलेमागून नकलेंत चालत येतो. तेव्हां उरतात कागद, शाई व हातांची संख्या. यांची परीक्षा आज कोण करणार? मूळ पोथीच उपलब्ध नाहीं.

ही परीक्षा काय सांगूं शकते, हें मिसर देशांतील एका उदाहरणावरून कळेल. अनी नामक राजलेखकाच्या प्रेताबरोबर ठेवण्यासाठीं केलेली, परलोकाच्या मंत्रांची गुंडाळी (इ. स. पूर्वीं सुमारें 1250) वॉलिस बज यांनीं 1888 मध्यें ब्रिटिश म्युझियमसाठीं मिळविली. लांबी सुमारें 78 फूट. बज यांनीं तिचे 37 तुकडे केले, हा अपराधच. शिवाय अनीच्या थडग्याचें स्थान अद्याप निश्चित नाहीं. तथापि तुकडे शाबूत असल्यामुळें पुढील अभ्यासकांस दिसलें कीं, गुंडाळी निरनिराळे भाग जोडून केलेली आहे, हात एकाहून अधिक आहेत, आणि पुष्कळ ठिकाणीं अनीचें नांव मोकळ्या सोडलेल्या जागीं मागाहून भरलें आहे. म्हणजे बराच भाग गिऱ्हाईक ठरण्यापूर्वींच तयार होता! स्वतः लेखणीवर जगणाऱ्या अनीस तें खपलें, याचें नवल वाटतें.

आमच्याकडेही पुष्पिकेंतील मालकाचें नांव निराळ्या शाईचें असल्यास तेथेंच थांबून पाहिलें पाहिजे. माहूरकडील महानुभाव परंपरेच्या पोथ्यांविषयीं तर अधिकच. सकळ लिपीचा उगम रवळो व्यासांकडे जातो खरा, परंतु ती लिपी पुढें शतकानुशतकें लिहिली गेली. नुसत्या लिपीवरून पोथीस चौदावें शतक देणें म्हणजे बालबोध अक्षर पाहून हेमाडपंताचा काळ सांगणें होय.

राजवाडे यांचें व्याकरण व पाठ यांचें मोल यानें उणें होत नाहीं. पाठभेदांसाठीं त्यांची प्रत अवश्य वापरावी. तिच्या काळासाठीं मात्र तिला साक्षीस बोलावूं नये.