डोंगर बसला कीं हवा बदलली ?

१९९५ सालीं ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकांत दिदिए मासोने, पिएर ब्रिओल व आलँ आर्नो यांचा सिसिलींतील एटना ज्वालामुखीवरील निबंध प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९३ या काळांतील उद्रेकाच्या उत्तरार्धांत हा पर्वत खाली बसत गेला, असें त्यांनीं ‘ईआरएस-१’ या युरोपीय उपग्रहाच्या रडारवरून प्रतिपादिलें. या विद्येच्या आद्य निबंधांत त्याची गणना होते. म्हणूनच त्याची चिकित्सा निर्भीडपणें झाली पाहिजे.

उपग्रह सुमारें ७८० किलोमीटर उंचीवरून रडारलहरी सोडतो व परतलेल्या लहरींची नोंद ठेवतो. कांहीं काळानें त्याच मार्गावरून घेतलेली दुसरी नोंद पहिलीशीं ताडली म्हणजे रंगीत पट्टे उमटतात. एक पट्टा म्हणजे जमीन व उपग्रह यांमधील अंतरांत सुमारें २८ मिलिमीटरांचा फरक. एटनाभोंवतीं अशीं वलयें पाहून, शिलारस निघून गेल्यानें डोंगर बसला, असा निष्कर्ष लेखकांनीं काढला. चित्र मनोहर, विवेचन रेखीव. प्रथमदर्शनीं आम्हींही मान डोलावली.

परंतु मनोहर चित्र म्हणजे प्रमाण नव्हे. हवेंतील बाष्प रडारलहरीस किंचित् विलंब लावतें. एटनाची उंची ३,३०० मीटरांहून अधिक. पायथ्याकडे जाणाऱ्या लहरीस दमट हवेचा मोठा थर ओलांडावा लागतो. शिखराकडे जाणारीस थोडा. दोन दिवसांचें हवामान भिन्न असलें कीं डोंगर तसूभर न हलतांही त्याच्या उंचसखलपणाबरहुकूम वलयें उमटतात !

२००० सालीं बोद्युसेल, ब्रिओल व फ्रोजे यांनीं १९९२ ते १९९८ मधील चित्रें या दृष्टीनें पुन्हा तपासलीं, तेव्हां डोंगरभर पसरलेल्या पुष्कळ पट्ट्यांचें मूळ जमिनींत नसून हवेंत असल्याचें दिसून आलें.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. एटनाच्या उतारावर गांवें वसलीं आहेत. हवेच्या खेळास ‘डोंगर बसला’ असें वाचलें तर त्यांस खोटा दिलासा. ‘फुगला’ असें वाचलें तर व्यर्थ भय.

आमचा आक्षेप पद्धतीवर नाहीं. अनेक चित्रें एकत्र तपासून व जमिनीवरील मोजमापाशीं ताडून तीच पद्धति आज विश्वासार्ह ठरली आहे. आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या घाईवर. आणि तरीही, ब्रिओल हें नांव दोन्हीं निबंधांवर आहे, ही गोष्ट आम्हांस दोहोंतील सर्व चित्रांहून अधिक मोलाची वाटते. स्वतःचेंच मत पुन्हा कसोटीस लावण्याचें हें धैर्य आमच्या साहित्यचर्चेंतही क्वचितच आढळतें.