आकाशाचे रंग आणि काळी माती

ईस्टरचा सण जवळ आला की शुभेच्छापत्रांवर, दिनदर्शिकांवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही एक चित्र हमखास भेटते. केशरी-जांभळे आकाश, वर येणारे सूर्यबिंब आणि खाली काळ्या सावलीसारखा उभा क्रूस. चित्र देखणे असते. परंतु क्षणभर निरखून पाहिले, तर त्यातील पाहण्याजोगे सारे वरच्या अर्ध्या भागात आहे, हे ध्यानात येते. खाली शेत आहे की नदी, तेथे कोणी माणूस उभा आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही. सूर्योदयाच्या छायाचित्रांविषयी बोलताना आपण बहुधा रंगांची वाहवा करून थांबतो. मला येथे त्या काळोख्या पुरोभागाविषयी लिहावयाचे आहे; कारण छायाचित्रकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

मुळात हा काळोख येतो कोठून? नांदेडच्या गोवर्धन घाटावर किंवा नगीना घाटावर पहाटे उभे राहावे. पूर्वेकडे वाहत जाणारी गोदावरी, पाण्यावर उतरलेला तांबूस उजेड, घाटाच्या पायऱ्या, स्नानाला आलेली माणसे, हे सारे आपल्याला एकाच वेळी दिसते. वस्तुतः डोळा आकाश पाहताना बाहुली आकसून घेतो, जमिनीकडे वळताच ती रुंदावतो, आणि मन या तुकड्यांचे एक दृश्य बांधते. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी एकच मोजमाप ठरवावे लागते. आकाश सांभाळावे तर घाट काळा पडतो. घाट सांभाळावा तर आकाश पांढरेफटक होते. आणि एकदा पांढरा पडलेला भाग पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाही.

म्हणून जाणता छायाचित्रकार आकाशाला जपून प्रकाश मोजतो आणि चित्र ‘रॉ’ म्हणजे कच्च्या स्वरूपात साठवतो. नेहमीच्या जेपीजी चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या केवळ 256 पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या कच्च्या चित्रात त्या 16,384 असतात. काळ्या दिसणाऱ्या भागातही बरेच काही दडून राहते ते यामुळेच. रंगांचीही हीच गोष्ट. पहाटेचा तांबूसपणा हा कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो आपण होऊन धुऊन टाकतो. कच्च्या चित्रात हा निर्णय माणसाच्या हाती राहतो. मग संगणकावर आकाश किंचित दाबावे, पुरोभाग किंचित उजळावा, रंगाची ऊब जागेवर आणावी, असे संस्करण चालते.

ही लबाडी नव्हे काय, असा प्रश्न भाविक मनाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1850 नंतरच्या दशकात समुद्राची चित्रे घेतली, तेव्हाची काच निळ्या प्रकाशाला इतकी हळवी होती की आकाश कोरे उमटे. त्याने काही चित्रांत आकाशाची एक व समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्हांचा मेळ घातला. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील हर्नान्देझ या खेड्यापाशी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी चंद्रोदयाचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले. त्याच्या पुरोभागात एक छोटे चर्च आहे आणि मावळत्या उन्हात उजळलेले दफनभूमीचे क्रूस आहेत. हा भाग निगेटिव्हवर फार फिका आला होता. 1948 मध्ये अ‍ॅडम्स यांनी तेवढ्याच भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया करून तो ठसठशीत केला, आणि पुढील वर्षांत आकाश अधिकाधिक काळे छापत नेले. आकाश मागे सरले आणि खेड्यातल्या मृतांचे क्रूस पुढे आले. अशा हस्तक्षेपाला लबाडी म्हणणे मला जड जाते. येथे जे होते तेच दिसू लागले आहे.

तरीही या मुभेला मर्यादा हवी. ती मर्यादा मराठवाड्याची जमीनच आपल्याला शिकवते. नांदेड-लातूरकडची माती बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी माती आहे. ती प्रकाश गिळते. नांगरलेले रान पहाटे काळे दिसते, कारण ते काळेच आहे. हौशी मंडळी संगणकावर पुरोभाग उजळता उजळता तिला राखाडी-पिवळी करून सोडतात. सावल्यांत रंगीत कण उठतात, क्षितिजाच्या रेषेवर पांढरी झालर उमटते, आणि पहाटेचा सूर्य असूनही जमिनीवर भर दुपार अवतरते. सारेच काळे करणारा जमिनीला विसरतो. सारेच उजळणारा पहाटेला विसरतो. माझ्या मते कसोटी सोपी आहे: पुरोभागातला माणूस माणूस म्हणून ओळखू येईल इतका उजेड द्यावा, वेळ पहाटेची आहे हे विसरायला लागेल इतका देऊ नये.

ही केवळ तंत्राची बाब नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसर भूकंपाने हादरला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार जीव गेले. त्यानंतर दोनेक तासांनी नेहमीप्रमाणे सूर्य उगवला. त्या सूर्योदयाकडे केवळ आकाशापुरते पाहणे कोणाला शक्य झाले असते? 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या तांबड्या पहाटेचेही तेच. अशा भूमीवर पुरोभाग काळा ठेवणे ही नुसती शैली राहत नाही. ते पाहण्याचे टाळणे ठरते.

आपल्या श्रद्धेचा आधारही येथे घ्यावा. पुनरुत्थानाच्या सकाळी स्त्रिया कबरेकडे गेल्या, तेव्हा सूर्य उगवला होता असे मार्क सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र मग्दालाची मरिया अंधार असतानाच येते. एक शुभवर्तमानकार जणू आकाशाकडे पाहतो, दुसरा वाटेकडे. चर्चने दोन्ही वर्णने जपली. एकाचा मेळ दुसऱ्याशी घालण्यासाठी कोणतेही पुसले नाही. जखऱ्याचे जे स्तोत्र चर्च रोज प्रातःप्रार्थनेत म्हणते, त्यातला उदय तर अंधारात व मृत्यूच्या छायेत बसलेल्यांसाठीच आहे. म्हणजे पहाटेचा अर्थ आकाशात पुरा होत नाही. तो खाली बसलेल्यांपर्यंत उजेड पोहोचल्यावर पुरा होतो.

ईस्टरसाठी पुढचे चित्र निवडताना आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी एवढे पाहावे: या सूर्योदयात काळी माती काळीच राहिली आहे ना, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसतो आहे ना? आकाशाचे रंग थोडे फिके पडले तरी चालतील.