जुनेपणाचा निकष आणि पहिली धार : मद्याच्या आस्वादसमीक्षेची चिकित्सा

मराठी समीक्षेने 'रस', 'आस्वाद', 'रुची' हे शब्द जिभेकडून घेतले. मात्र प्रत्यक्ष जिभेच्या समीक्षेकडे तिने क्वचितच लक्ष दिले. निरनिराळ्या वर्षांची व्हिंटेज पोर्ट शेजारी शेजारी ठेवून चाखण्याची युरोपीय रीत ही अशा समीक्षेचा प्रगत नमुना होय. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात निघणाऱ्या मोहाच्या दारूच्या बाजूने या रीतीकडे पाहिले असता तिच्यातील एक गृहीतक उघडे पडते.

पोर्तुगालमधील डोरो खोऱ्यात द्राक्षरस पुरता आंबण्यापूर्वीच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षार्क मिसळतात. आंबण्याची क्रिया थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क सुमारे २० टक्क्यांवर स्थिरावतो. व्हिंटेज पोर्ट ही एकाच वर्षाच्या पिकाची असून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न गाळता बाटलीत भरली जाते. पुढील कित्येक दशके ती बाटलीतच बदलत राहते. जांभळा रंग माणकासारखा व अखेरीस विटकरी होतो, तुरटपणा निवळतो, तळाशी गाळ साचतो. १९६३ ची पोर्ट १९९४ च्या पोर्टशेजारी ठेवली की हा फरक नवख्यालाही जाणवतो.

परंतु हा फरक नेमका कशाचा? दोन पेल्यांमध्ये एकतीस वर्षांचे अंतर आहे, तसाच दोन निराळ्या हंगामांचाही भेद आहे. आस्वादक बहुधा दोन्ही कारणे एकत्र करून सारे श्रेय वयाला देतो. शिवाय वर्षाची थोरवी निसर्ग एकटा ठरवीत नाही. ग्रॅहम, डाऊ, वॉर या पेढ्यांनी १९९१ हे वर्ष जाहीर केले, तर टेलर व फोन्सेका यांनी १९९२ निवडले. टेलरच्या स्थापनेला त्याच वर्षी तीनशे वर्षे पूर्ण होत होती, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. एकाच वर्षाच्या अनेक पेढ्यांची पोर्ट वेष्टन झाकून चाखणे ही त्यामानाने अधिक प्रामाणिक पद्धत ठरते. कारण तेथे वय समान असते आणि बाटलीवरील आकडा जिभेवर दडपण आणत नाही.

मोहाच्या दारूला असा आकडाच नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचून वाळवतात, पाण्यात भिजवून आंबवतात आणि मडक्यातून अर्क काढतात. ती मुरवत ठेवण्याची रीत नाही. तिच्या प्रतीचा शब्द वर्ष सांगत नाही, क्रम सांगतो : 'पहिल्या धारेची'. ही कसोटीही निर्दोष नव्हे. धार प्रामुख्याने तीव्रता सांगते, चव सांगत नाही; फुलांचा कस, वाळवण, मडके यांविषयी ती मुकी आहे. पोर्टच्या आस्वादकाजवळ मनुका, अंजीर, चामडे अशी उपमांची रास आहे. मोहाच्या वाट्याला मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील पंचनाम्याची भाषा आली, आणि पंचनामा फक्त लिटर मोजतो.

जुनेपणाचा निकष परका आहे, असेही म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य जड व दोषवर्धक, तर जुने हलके, अग्निदीपक व स्रोतसे शुद्ध करणारे मानले आहे. तथापि तेथे जुनेपणाची परीक्षा शरीरावरील परिणामाने होते; दुर्मीळतेला वा किमतीला गुण मानलेले नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांचे संकलन व साठवणुकीवरील निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून बाजारात आणले. बाटली आली की वेष्टन येते, आणि वेष्टनावर वर्षाचा आकडा छापण्याचा मोहही होणारच. त्याआधी धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू जाणकारांकडून फुलांच्या, वासाच्या व धारेच्या प्रतींचे शब्द नोंदवून घेणे आवश्यक आहे. अन्यथा मेळघाटच्या मद्याचे वर्णन मेळघाटात कधीही न पिकलेल्या अंजिराच्या उपमेने होईल.