भाकर, पाणी आणि पंगत : 'स्मृतिचित्रे'तील घरगुती अन्नव्यवहार आणि ख्रिस्ती चिंतन

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने या ग्रंथाचे मूल्यमापन प्रामुख्याने दोन अंगांनी केले आहे. त्यातील निर्व्याज विनोद आणि घरगुती बोलीचा सहजपणा हे एक अंग, तर एका अल्पशिक्षित स्त्रीने घडवलेले आत्मकथन हे दुसरे. या दोन्ही अंगांनी झालेले लेखन मोलाचे आहे. ग्रंथातील धर्मविचाराचा शोध मात्र बहुधा अन्यत्र, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या 'अभंगांजली'त किंवा टिळकांनी आरंभिलेल्या व लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेल्या 'ख्रिस्तायना'त घेतला जातो. 'स्मृतिचित्रे' ही त्या विचाराची केवळ पार्श्वभूमी मानली जाते.

प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. लक्ष्मीबाईंचे धर्मचिंतन त्यांच्या स्वयंपाकघरात घडते आणि कोणाच्या हातचे खावे, कोणाबरोबर जेवावे या प्रश्नांतून ते पुढे सरकते. त्यांच्या लेखनात अन्न हे आध्यात्मिक अर्थ सांगण्यासाठी घेतलेले दृष्टान्तद्रव्य नाही. अन्नाचा व्यवहार बदलणे हाच त्यांच्या श्रद्धेचा आशय आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर ग्रंथातील विनोद हाती लागतो, पण विचार निसटतो.

'भाकर' या शब्दाचे सामर्थ्य

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत मागे जाते. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतराने 'भाकर' हा शब्द स्वीकारला. प्रभूच्या प्रार्थनेत मागितली जाते ती रोजची भाकर. शेवटच्या भोजनात येशू मोडतो तीही भाकरच. पॅलेस्टाइनमधील रोटी गव्हाची किंवा जवाची, आपली ज्वारी-बाजरीची. कर्जत-खालापूर भागात ती तांदळाची किंवा नाचणीची. धान्य बदलले तरी शब्द टिकला, कारण त्याने मूळ संदर्भातील दोन गोष्टी जशाच्या तशा उचलल्या.

पहिली गोष्ट रोजपणाची. भाकरी त्या त्या वेळेला थापावी लागते; आठवड्याची एकदम करून ठेवता येत नाही. त्यामुळे 'रोजची भाकर' या मागणीला मराठी घरात अक्षरशः अर्थ प्राप्त होतो. उद्याच्या साठ्याची हमी तीत नाही, आजच्यापुरती याचना आहे. दुसरी गोष्ट मोडण्याची. भाकरी सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात आणि मोडलेला चतकोर शेजारच्याच्या ताटात पडतो. वाटून घेण्याची क्रिया त्या पदार्थाच्या घडणीतच आहे. याउलट 'खमीर' हा शब्द मराठी वाचकाला परका राहिला. तीन मापे पिठात थोडे खमीर घालणाऱ्या स्त्रीचा दृष्टान्त शिकवताना विरजणाचा आधार घ्यावा लागतो. वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकर मात्र आपल्या भाकरीच्या अगदी जवळची आहे. भाषांतराचे यश शब्दकोशापेक्षा स्वयंपाकघरावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

तथापि शब्द जवळचा असला म्हणजे व्यवहार जवळचा होतो असे नाही. भाकरी एकच, पण ती कोणी थापली यावरून ती खाण्यायोग्य की अयोग्य हे ठरवणारी व्यवस्था याच भाषेत नांदत होती. लक्ष्मीबाईंच्या चिंतनाचा आरंभ याच विसंगतीपासून होतो.

सोवळ्याचे घर

'स्मृतिचित्रे'च्या आरंभीचे लक्ष्मीबाईंचे माहेर हे सोवळ्याने व्यापलेले घर आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा अतिरेकी ध्यास घेतला. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात येऊ नये, हा त्या घराचा नियम. हा भाग वाचक हसत वाचतात. परंतु भयाने ग्रासलेला मनुष्य शुद्धीचा आधार कसा शोधतो आणि त्या शुद्धीचा भार घरातील बायकामुलांवर कसा पडतो, याचे हे नेमके निरीक्षण आहे. लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत बसत नाहीत. धुणे, वाळवणे, शिवू न देणे यांचा तपशील त्या मांडतात आणि निष्कर्ष वाचकावर सोपवतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावली. पुढे लक्ष्मीबाई पतीच्या सहवासात आल्या, तरी आरंभी त्यांनी आपला सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवला. संसार एक आणि चुली दोन, ही त्या काळातील त्यांची अवस्था आहे. धर्मांतराची चर्चा सामान्यतः मत, ग्रंथ आणि तत्त्व यांच्या पातळीवर होते. लक्ष्मीबाई ती चुलीच्या पातळीवर आणतात. त्यांच्या लेखी नवरा ख्रिस्ती झाला याचा पहिला अर्थ त्याच्या ताटाला शिवता येत नाही, हाच होता.

या कोंडीतून त्यांची सुटका कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने झाली नाही. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घोळवला. तो माणसाने केला हे पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये राहुरीस झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पंगतीचा निर्णय आधी आणि दीक्षा नंतर. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, त्यांनी सिद्धान्त स्वीकारण्यापूर्वी त्याचे फलित स्वीकारले.

नव्या करारातही हाच प्रश्न आहे. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवरून झालेल्या वादात बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही, असे येशू सांगतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात भुकेल्या पेत्राला यापोच्या गच्चीवर दृष्टान्त होतो आणि त्यानंतर तो परजातीय कर्नेल्याच्या घरी जातो. हाच पेत्र पुढे अंत्युखियात परजातीयांच्या पंगतीतून मागे सरतो, तेव्हा पौल त्याला उघडपणे विरोध करतो. आरंभीच्या मंडळीतील हा मोठा संघर्ष एकत्र जेवण्यावरून पेटला होता. लक्ष्मीबाईंच्या दोन चुलींचा प्रश्न त्यामुळे किरकोळ ठरत नाही. तो त्या धर्माच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

पाण्याचा प्रश्न आणि आपला जिल्हा

अन्नाप्रमाणेच पाण्याचाही विटाळ मानला जाई. कोरडा शिधा चालत असे, पण शिजवलेले अन्न आणि पाणी चालत नसे. म्हणून कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा लक्ष्मीबाईंचा निश्चय हा संपूर्ण व्यवस्थेवर घातलेला घाव ठरतो. रायगड जिल्ह्यातील वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता. तरीही ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

या दोन घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरातील होत्या. त्यांनी एक अधिकार सोडला. महाडला जमलेल्यांनी एक अधिकार मिळवला. सोडणाऱ्याला घरादाराचा रोष पत्करावा लागतो, मिळवणाऱ्याला लाठ्या खाव्या लागतात. 'स्मृतिचित्रे'ची मर्यादा येथे स्पष्ट होते. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजातून आले होते. त्यांच्या बाजूने ही पंगत कशी दिसली, हे या ग्रंथातून पुरेसे कळत नाही. लक्ष्मीबाई स्वतःच्या मनातील अढी प्रामाणिकपणे उघडी करतात, पण समोरच्या पानावर बसलेल्याचे मन त्यांच्या कक्षेबाहेर राहते. ही मर्यादा नोंदवूनच ग्रंथाचे मोल सांगितले पाहिजे.

'पोटासाठी धर्म' या आक्षेपाचा विचार

अन्न आणि ख्रिस्ती धर्म यांचा संबंध महाराष्ट्रात एका आक्षेपाच्या रूपाने अधिक परिचित आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलांना आश्रय दिला. पंडिता रमाबाईंनी केडगावी दुष्काळग्रस्त स्त्रियांना व मुलींना आसरा दिला. तेव्हापासून 'पोटासाठी बाटले' हा टोमणा रूढ आहे. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणून चालणार नाही. उपाशी माणसाच्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न खराच आहे. शुभवर्तमानालाही तो ठाऊक आहे. भाकरी खाऊन तृप्त झालेला समुदाय पुन्हा शोधत आला, तेव्हा तुम्ही भाकरीसाठी आलात, असे येशूने त्यांना स्पष्टपणे सुनावल्याचे योहान नोंदवतो. परंतु हे बोलणे त्यांना जेवू घातल्यानंतरचे आहे, हेही विसरता येत नाही.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा आक्षेप उलटा होतो. श्रद्धेने त्यांना अन्न दिले नाही. माहेरच्या आणि आप्तांच्या पंगतीतील जागा मात्र गेली. सणावाराला, लग्नकार्याला आपल्या माणसांत पान मांडले जाणे हे त्या काळच्या स्त्रीचे सर्वांत मोठे सामाजिक धन होते. धर्मांतराचा हिशेब मांडताना 'काय मिळाले' इतकेच विचारले जाते. 'कोणाच्या घरी जेवायला बसता येईनासे झाले' हा स्तंभही त्या हिशेबात असला पाहिजे, हे 'स्मृतिचित्रे' शिकवते.

टिळकांचे औदार्य आणि चुलीचा हिशेब

घरसामानासाठी दिलेल्या पैशांतून दौत घेऊन परतणारे टिळक वाचकांना प्रिय आहेत. वाटेल त्याला घरी आणणारे, निराधार मुलांना आसरा देणारे टिळक हे ख्रिस्ती आतिथ्याचे उदाहरण म्हणून सांगितले जातात. ते योग्यही आहे. मात्र आणलेल्या पाहुण्यासाठी पीठ कोठून येणार, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येतो, आणि तो त्या लपवत नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था व मारिया या बहिणींचा प्रसंग येथे आठवतो. मारिया येशूच्या चरणांशी बसून ऐकते, मार्था कामात गुंतते आणि तक्रार करते. प्रवचनांतून सहसा मारियेचा गौरव होतो. टिळकांच्या घरात मारियेची भूमिका पुरुषाकडे आणि मार्थेची स्त्रीकडे होती. लक्ष्मीबाईंनी या विभागणीला शांतपणे छेद दिला. त्या चुलीपाशी राहूनच विचार करतात, कविता रचतात आणि पुढे 'ख्रिस्तायन' पूर्णत्वास नेतात. काम आणि चिंतन यांत निवड करावीच लागते, हे गृहीतक त्यांच्या आयुष्याने खोटे ठरवले. म्हणून त्यांच्या विनोदाकडे केवळ स्वभावविशेष म्हणून पाहणे अपुरे आहे. दानशूरपणाचा खर्च कोण सोसतो याची नोंद ठेवण्याचे ते एक साधन आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

कर्जत-खालापूर परिसरात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. त्यामुळे हा ग्रंथ येथील वर्गात एखाद्या दूरच्या समाजाची कथा म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः त्याचा प्रश्न येथील प्रत्येक घराचा आहे. आपले विद्यार्थी ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध अशा विविध घरांतून येतात. भाताच्या या प्रदेशात गावोगावी हरिनाम सप्ताह होतो, काल्याचा प्रसाद वाटला जातो, महाप्रसादाची पंगत बसते. काला म्हणजे सर्वांचा शिधा एकत्र कालवणे. नाथांनी अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या घरी जेवण घेतल्याची आख्यायिका वारकरी परंपरेने जपली आहे. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या वाटेने आलो, असे टिळक सांगत. त्यामुळे काला आणि प्रभुभोजन यांची तुलना वर्गात करणे उपरे ठरत नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांचे १९४० च्या दशकातील झुणका-भाकर सत्यनारायण हे याच विचाराचे हिंदू घरातील रूप होय.

मात्र तुलना गौरवापाशी थांबू नये. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना फटकारले होते. पंगत भरली याचा अर्थ ती एक झाली असा होत नाही. आपल्या गावच्या महाप्रसादाला कोण वाढतो, कोण शेवटी बसतो, कातकरी वाडीतील माणूस कोठे जेवतो, हे प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावाला विचारले, तर ग्रंथ शिकवल्याचे सार्थक होईल.

निष्कर्ष

१. 'स्मृतिचित्रे' हा स्वतंत्र धर्मचिंतनाचा ग्रंथ आहे. टिळकांच्या कवितेची केवळ पूरक सामग्री म्हणून त्याचे वाचन अपुरे ठरते.

२. या चिंतनाचे माध्यम अन्नव्यवहार हे आहे. पंगतीचा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधी झाला, हा क्रम त्याचा पुरावा आहे.

३. अन्नामुळे धर्म बदलला जातो हा आक्षेप सरसकट लावता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत धर्मामुळे पंगत गमावली गेली.

४. ग्रंथाची दृष्टी अधिकार सोडणाऱ्याची आहे. अधिकार मिळवणाऱ्यांच्या लेखनाबरोबर, विशेषतः दलित आत्मकथनांबरोबर, तो शिकवला गेला तरच भाकरीच्या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांसमोर येतील.

श्रद्धेची परीक्षा मंदिरात किंवा चर्चमध्ये होते, असे सामान्यतः मानले जाते. लक्ष्मीबाईंनी ती ताटापाशी आणली. तेथे ती टाळता येत नाही, कारण ताट दिवसातून दोनदा समोर येते.