साजाविण एक आवाज

इंग्लंडमधील लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला, की जाणकार रसिक एक नाव जरा हलक्या आवाजात घेतात. अ‍ॅन ब्रिग्ज. हलक्या आवाजात अशासाठी, की तिच्या मुरीदांचा पंथ लहान आहे आणि लहान पंथांना आपले पीर गुप्त ठेवायला आवडतात. तिची स्वतःची ध्वनिमुद्रिते मोजायला एका हाताची बोटे पुरतात. चार गाण्यांची एक छोटी तबकडी, 1971 साली निघालेल्या दोन मोठ्या तबकड्या आणि 1973 साली गायलेली, पण तिने अडवून धरल्यामुळे नव्वदीच्या दशकापर्यंत बाहेर न आलेली तिसरी. एवढ्या शिदोरीवर तिच्याविषयी जितके लिहिले गेले, तितके अनेक बड्या गायकांविषयीही लिहिले गेले नसेल.

या लिखाणाबद्दलच माझी मूळ तक्रार आहे. त्यात गाणी कमी आणि दंतकथा जास्त. अनवाणी फिरणारी, दारूच्या गुत्त्यांतून मन मानेल तेव्हा गाणारी, वाऱ्यासारखी येणारी-जाणारी मुलगी हे चित्र पुरुष लेखकांना फार भावले. सँडी डेनीसारख्या थोर गायिकेनेही तिच्यावर गाणे रचले. ते तर प्रेमाचे. पण या चित्रात एक साधी गोष्ट झाकली जाते. ती गोष्ट म्हणजे ही मुलगी कुठून आली.

ती 1944 साली नॉटिंगहॅमजवळच्या टोटन या गावी जन्मली. आई क्षयाने लवकर गेली, वडील महायुद्धात जबर जखमी झालेले. मावशी-काकांसारख्या नातलगांनी तिला वाढवले. 1959 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, ती मैत्रिणीबरोबर मिळेल त्या गाडीने एडिंबरोला गेली आणि तिथल्या लोकगायकांच्या वर्तुळात तिची बर्ट जान्श या तरुण गिटारवादकाशी ओळख झाली. पुढे 1962 साली ‘सेंटर 42’ची यात्रा नॉटिंगहॅमला आली. ब्रिटिश कामगार संघटनांच्या 1960 च्या अधिवेशनातील बेचाळिसाव्या ठरावावरून हे नाव पडले होते. कला कामगारांपर्यंत न्यावी, असा तो ठराव. नाटककार आर्नोल्ड वेस्कर त्याचे सूत्रधार होते. लोकगीतांची बाजू इवान मॅकॉल आणि ए. एल. लॉईड सांभाळत. त्यांनी या पोरीचे गाणे ऐकले आणि तिला बरोबर घेतले. अठरा वर्षे पूर्ण व्हायच्या आत तिने घर सोडले. तेव्हा ‘वाऱ्यासारखी’ वगैरे ठीक आहे, पण वाऱ्याला पोटापाण्याचा प्रश्न नसतो.

आता गाण्याकडे येऊ. तिचा विशेष म्हणजे ती बहुधा साथीशिवाय गायची. ना गिटार, ना ताल. एक उभा, सरळ, थंड वाटणारा आवाज. त्यात कंप जवळजवळ नाही, नाट्य नाही, मधूनच एखादी बारीक हरकत. शब्द जिथे थांबायला सांगतील तिथे थांबणे, बाकी लय मोकळी. मुलीचा खून होतो, प्रियकर बुडतो, पोटात मूल ठेवून कोणी निघून जातो. ती रडत नाही. बातमी सांगावी तसे सांगते आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आमच्या कोकणात हळदीच्या रात्री म्हाताऱ्या बायका ज्या निर्विकार चेहऱ्याने मुलीच्या पाठवणीची गाणी म्हणत, ते चेहरे मला आठवले, एवढेच. तुलना पुढे ताणायचे कारण नाही.

पहिल्या छोट्या तबकडीचे नाव ‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’, साल 1964. पुढे मोठे नाव मिळवलेली जून टेबर ती ऐकून न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेऊन रियाज करत असे आणि त्यापायी आई हैराण झाली होती, ही आठवण तिनेच सांगितलेली. मॅडी प्रायर, सँडी डेनी या साऱ्यांच्या गळ्यात ब्रिग्जचा अंश आहे.

पण खरा पेच आहे तो ‘अस्सल’ या शब्दाचा. 1963 च्या ‘द आयर्न म्यूझ’ या कामगारगीतांच्या संग्रहात तिने ‘द रिक्रूटेड कॉलिअर’ हे गाणे गायले. सैन्यात भरती झालेल्या खाणकामगाराची प्रेयसी बोलते आहे. वर्षानुवर्षे लोक ते खाणपट्ट्यातील अस्सल लोकगीत समजत राहिले. लॉईड यांनी ते एका खाणकामगाराकडून मिळाल्याचे नोंदवले होते. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्याचे मूळ कंबरलँडचा कवी रॉबर्ट अँडरसन याच्या एका कवितेत आहे आणि त्या कवितेत कोळसा नाहीच. शेतातला गडी खाणीत उतरवला तो लॉईड यांनी. लॉईड डाव्या विचारांचे, विद्वान, 1959 च्या पेंग्विनच्या प्रसिद्ध लोकगीतसंग्रहाचे सहसंपादक. त्यांना कामगारवर्गाची परंपरा हवी होती. जिथे दुवा सापडला नाही, तिथे त्यांनी तो घडवला.

मग ब्रिग्जचे गाणे खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. लबाडी असेल तर ती नोंदीत आहे, गळ्यात नाही. मात्र तिच्या मुरीदांनी तिला ‘परंपरेचा निर्मळ झरा’ म्हणणे आता थांबवायला हवे. तो झरा एका संपादकाच्या टेबलावरून वाहत आला होता. आपल्याकडेही कोणी बायकांच्या ओव्या ‘सुधारून’ छापतो आणि पुढची पिढी त्यालाच मूळ समजते, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

दुसरा पेच श्रेयाचा. ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे आयरिश गाणे ब्रिग्जला लॉईडकडून मिळाले. तिने ते जान्शला शिकवले. दोघांनी 1965 च्या सुमारास एकत्र बसून गाणी घोळवली. पूर्वी साथीविना गायल्या जाणाऱ्या चालीला जान्शने गिटारचा गुंतागुंतीचा साज चढवला आणि 1966 च्या ‘जॅक ओरायन’वर तो मुद्रित केला. 1969 साली लेड झेपलिनच्या पहिल्या तबकडीवर जवळपास तोच साज ‘ब्लॅक माउंटन साइड’ या नावाने वाजला. रचनाकार म्हणून नाव एकट्या जिमी पेजचे. चाल पारंपरिक म्हणून कोणाचीच नाही, आणि जी कोणाचीच नाही ती ज्याने आधी नोंदवली त्याची! जान्शवर अन्याय झाला हे पुष्कळांनी लिहिले. त्या साखळीतील बाई मात्र ‘प्रेरणा’ म्हणून उल्लेखिली जाते. प्रेरणेला मानधन मिळत नाही.

1971 ची टॉपिक कंपनीची तबकडी हे तिचे सर्वोत्तम काम. तीत ‘यंग टॅम्बलिंग’ हे लांबलचक कथागीत ती दहाएक मिनिटे एकटीने पेलते. तुलनेने त्याच वर्षीची ‘द टाइम हॅज कम’ ही स्वरचित गाण्यांची तबकडी मला विस्कळीत वाटते. काही रचना सुरेख आहेत, पण शब्द धूसर आणि गिटारचा पदर सतत मध्ये येतो. ती खपली नाही. तिसऱ्या तबकडीत वाद्यवृंद आला. आपला आवाज त्यात चांगला लागला नाही, असे तिचे मत पडले. तेव्हा ती दुसऱ्यांदा आई होणार होती. तिने ती तबकडी बाहेर येऊ दिली नाही आणि मुलांबाळांत, झाडाझुडपांत निघून गेली. नव्वदीच्या सुरुवातीस जान्शवरील माहितीपटात ती थोडीशी गायली, पण परतली म्हणावे असे काही घडले नाही.

तिच्या या खामोशीचेही आता कौतुक होते. बाजाराला लाथ मारणारी, यशाला विटलेली, असे बरेच काही. मी ती तिसरी तबकडी दोनदा लक्षपूर्वक ऐकली. आवाज बिघडलेला नाही, पण ढोलताशांच्या मिरवणुकीत कोणी हळू बोलावे तसा तो दबून गेला आहे. तिला हे कळले होते. ते कळून तिने ‘नको’ म्हटले, यात मला बंड दिसत नाही. कारागिराने आपला तुकडा उजेडात धरून पाहावा आणि बाजूला ठेवावा, तसे ते आहे. ज्या कोणाला तिच्यापाशी पोहोचायचे असेल त्याने दंतकथा राहू द्याव्यात. रात्री दिवा मालवून ‘यंग टॅम्बलिंग’ लावावे आणि मध्येच उठू नये.